जेवायला थांबू नका

केयाचा मेसेज आला तेव्हा रवींद्र ऑफिसच्या पार्किंगमध्ये गाडीचं दार उघडून, एक पाय आत आणि एक पाय पावसात असा उभा होता. शुक्रवार, दुपारचे साडेतीन. सिएटलशेजारच्या रेडमंडचा ऑक्टोबरातला पाऊस पडतो असं म्हणता येत नाही, तो नुसता असतो, आणि इथे सोळा वर्षं काढल्यावर त्याच्यासाठी छत्री उघडण्याचा उत्साहही त्याच्यात उरला नव्हता. मेसेजमध्ये एक फोटो होता. पातळ कागद, त्यावर जांभळ्या शाईत मराठी अक्षरं, आणि खाली केयाचं इंग्रजी: काका, उद्या अकराला हे माझ्या हातावर कायमचं गोंदवणार आहे, बाबाचं अक्षर, बरोबर उतरलंय का बघ, मला वाचता येत नाही आणि आई रडत बसते. रवींद्रने वाचलं. 'संध्याकाळपर्यंत येतो. जेवायला थांबू नका.' तो गाडीत बसला, पण दार लावायचं राहून गेलं आणि डाव्या बाजूने पँट भिजत राहिली. ते अक्षर देवांगचं नव्हतं. ते त्याचं स्वतःचं होतं. केयाला ते बाबाचं वाटत होतं, केयाच्या आईला, शुभाला, सहा वर्षं तसंच वाटत आलं होतं, आणि तसं नाही हे जगात एकाच माणसाला ठाऊक होतं. त्याने ते आश्लेषाला, स्वतःच्या बायकोलासुद्धा, कधी सांगितलं नव्हतं.

'परफेक्ट' एवढं टाइप करून पाठवलं असतं तरी काम झालं असतं. अंगठा तिथपर्यंत गेलाही होता. सहा वर्षं गप्प बसलेल्या माणसाला आणखी एक शब्द काय जड! पण भिंतीवरच्या चौकटीतलं खोटं वेगळं आणि अठरा वर्षांच्या पोरीच्या कातडीत सुईने भरलेलं खोटं वेगळं, असं त्याला वाटलं, आणि असं वाटल्याबद्दल स्वतःचा रागही आला. चौकटीतलं खोटं तेवढं चालत होतं होय रे तुला?

अक्षर सारखं असणं यात नवल काहीच नव्हतं. पुण्यातल्या शाळेत दोघे एका बाकावर बसले आणि दोघांकडून एकाच बाईंनी, पट्टी हातात घेऊन, तेच टपोरं, उजवीकडे कललेलं अक्षर गिरवून घेतलं. पुढे देवांगचं थोडं बसकं झालं, रवींद्रचं थोडं उंच, पण हा फरक ओळखायला त्या बाईच हव्यात. बायकोला कसा कळावा? शुभाने लग्नानंतर देवांगचं मराठी अक्षर पाहिलं तरी होतं का? सामानाची यादी फोनवर, भांडण फोनवर, वाढदिवसाचं कार्डही छापील आणि इंग्रजीत. घरात मराठी सगळी तोंडी. हाताने लिहिलेली मराठी अशी त्या घरात नव्हतीच, आणि जी एकमेव आली ती दुसऱ्याच्या हातची निघावी!

शब्द मात्र देवांगचेच होते, आणि सहा वर्षं रवींद्र या काडीला धरून होता. कॉलेजात असताना दर रविवारी दोघे सह्याद्रीत जात. पहाटेची एसटी, दोर, दोन पराठे. देवांगची आई मुलगा परत येईपर्यंत जेवत नसे, मग दुपारचे चार वाजोत की रात्रीचे नऊ. म्हणून निघताना देवांग स्वयंपाकघराच्या ओट्यावर, मिठाच्या बरणीखाली चिठ्ठी ठेवी: संध्याकाळपर्यंत येतो, जेवायला थांबू नका. माउली थांबायची ती थांबायचीच. पुढे या चिठ्ठीची थट्टा झाली. सुळक्याच्या माथ्यावर पोचलं की कॅमेऱ्याच्या रोलच्या रिकाम्या डबीत नावं लिहून ती दगडाखाली ठेवायची त्यांची रीत होती, आणि नावांखाली रवींद्र न चुकता लिही, जेवायला थांबू नका. कोणाला उद्देशून? घारींना, बहुतेक. अमेरिकेत आल्यावरही रीत सुटली नाही. इथल्या डोंगरांच्या माथ्यावर वह्या असतात, त्यात सगळ्यांच्या इंग्रजी नावांमध्ये यांची दोन मराठी ओळींची ठिगळं. हजार लोकांत आपलं कुणी वाचू शकत नाही यात त्यांना कसलीशी मजा वाटे. दिवसभर दुसऱ्याच्या भाषेत नमून बोलणाऱ्या माणसांची मजा होती ती, दुसरं काय.

सहा वर्षांपूर्वीच्या त्या मोठ्या सुट्टीसाठी आल्प्स देवांगने शोधून काढला होता. ऑस्ट्रियातला एक चुनखडीचा डोंगर, ज्याचं नाव दोघांनाही धड उच्चारता येईना, तेव्हा देवांगने त्याचं नाव ठेवलं पांढऱ्या. बैलाला ठेवतात तसं. सह्याद्रीचा काळा कातळ दोघांच्या बोटांना पाठ होता. उन्हात तापतो, पावसात शेवाळतो, पण तो काय करील हे सांगता येतं. पांढऱ्याचं काही सांगता येत नव्हतं. कुठे पाण्याने खाऊन त्याला सुरीसारख्या धारा आलेल्या, कुठे शंभर वर्षांच्या हातांनी घासून तो देवळाच्या उंबऱ्यासारखा गुळगुळीत, आणि मध्येच हाताएवढं भोक, ज्यात मूठ घालून लटकावं. पहिल्या दिवशी दोराच्या टोकाला, खाली शे-दीडशे मीटर हवा असताना, देवांग वरून ओरडला, "रव्या, शिंपला! इथे दगडात शिंपला आहे यार! हा सगळा समुद्राचा तळ होता!" आणि त्या शिंपल्यावर हात ठेवून तो इतका वेळ थांबला की खाली दोर धरून बसलेल्या रवींद्रची मान दुखायला लागली. "चल की वर," तो म्हणाला होता. आता ती दुखरी मान परत मिळावी म्हणून त्याने काय काय दिलं असतं.

तिसऱ्या दिवशी रवींद्रच्या मॅनेजरने सॉफ्टवेअरची रिलीज दोन दिवस अलीकडे ओढली. तेव्हा नोकरी म्हणजे व्हिसा आणि व्हिसा म्हणजे घर, पोरांची शाळा, सगळंच. नाही म्हणायची सोय नव्हती. रवींद्रने तिकीट बदललं. दोराची चढाई दोघांशिवाय होत नाही, म्हणून देवांगने एकट्याने जाण्यासारखी सोपी पश्चिमेची धार निवडली आणि उतरायला उत्तरेची घळ. घळ दिसली की ती उतरायची वाट, ही सह्याद्रीतली सवय. डोंगरातल्या त्या मुक्कामाच्या घरात, ज्याला सगळे हट म्हणत, दारापाशी मोठी वही होती. नाव लिहायचं, कुठून वर जाणार, कुठून उतरणार ते लिहायचं. माणूस परतला नाही तर त्याला शोधायला जाणारे आधी ती वही बघतात. हे रवींद्रला माहीत नव्हतं असं नाही. हट सांभाळणाऱ्या बाईंनी पहिल्याच संध्याकाळी, बोट नाचवून, तुटक्या इंग्रजीत बजावलं होतं.

सकाळचे सहा. देवांग बाकावर बसून बुटांच्या नाड्या आवळत होता. "माझं पण लिहून टाक रे," तो म्हणाला. रवींद्रने पेन घेतलं आणि लिहिलं, मराठीत. देवांग. एकटा. पश्चिमेच्या धारेने वर, उत्तरेच्या घळीतून खाली. आणि हसत पुढे: संध्याकाळपर्यंत येतो. जेवायला थांबू... तेवढ्यात देवांग मागे येऊन उभा राहिला होता. त्याने वाकून पाहिलं आणि कोपराला कोपर मारलं. "अरे गाढवा, इंग्लिशमध्ये लिही. कोण वाचणार हे?" पेन घसरलं. 'थांबू'च्या खालचा उकार लांब ओढला जाऊन खालच्या रकान्यात गेला. "कोणाला वाचायचंय? तू संध्याकाळी इथे बसून सूप पिणार आहेस," रवींद्र म्हणाला आणि पुढे 'नका' लिहून त्याने वही मिटली. देवांगला ते पटलं असावं, किंवा उशीर होत असावा. बाहेर गार, स्वच्छ उजाडलं होतं. पांढऱ्याचा माथा आधी गुलाबी झाला, मग पिवळा. "येतो," देवांग म्हणाला. रवींद्रही म्हणाला, "येतो." जातो म्हणायचं नाही हे दोघांच्या आयांनी शिकवलेलं. एक वर गेला आणि एक खाली.

देवांग दुपारी घळीत पडला. संध्याकाळी सातला तो आला नाही तेव्हा बाईंनी वही उघडली आणि त्यांना एक ओळ वाचता येईना. बुकिंग रवींद्रच्या नावावर, नंबर रवींद्रचा, आणि रवींद्र म्युनिकहून निघालेल्या विमानात, समुद्रावर, फोन बंद करून झोपला होता. अजून दीड तास उजेड होता. त्या दीड तासात माणसं निघाली ती दक्षिणेच्या नेहमीच्या वाटेने, कारण एकटा माणूस तिकडूनच उतरतो. खालच्या गावातल्या हॉटेलात एक नेपाळी स्वयंपाकी होता, तो तरी वाचेल म्हणून त्याला आणायला कोणी गेलं, तर त्याची सुट्टी होती. आठ तासांनी सिएटलला विमान उतरलं. रवींद्रने सीटचा पट्टा न सोडताच फोन चालू केला आणि सतरा मिस्ड कॉल आणि स्वतःच्या अक्षराचा फोटो एकदम आला. बॅगा काढायला उभ्या राहिलेल्या लोकांमध्ये तो ओरडला, "नॉर्थ! नॉर्थ गली! ही वेंट डाउन द नॉर्थ साइड!" बाई पलीकडे रडत होत्या. तिकडे उजाडलं तेव्हा ढग उतरले होते, हेलिकॉप्टर उडेना. माणसं पायी दुपारी पोचली. डॉक्टरांनी कागदावर लिहिलं, मृत्यू पहाटेच्या सुमारास. म्हणजे तो रात्रभर होता. घळीत, पाय मोडून, वाट बघत. आपल्याला कुठे शोधायचं हे वहीत लिहिलेलं आहे, अशा खात्रीने.

रवींद्र सांगणार होता. तेराव्यानंतर तो मुद्दाम तेवढ्यासाठी शुभाकडे गेला होता. पण त्याच दिवशी टपालाने जाड पाकीट आलं होतं. हटवाल्या बाईंनी वहीतलं ते पान नीट कापून, वाळलेलं एक फूल घालून पाठवलं होतं. शुभा ते पान मांडीवर घेऊन बसली होती. "बघ ना रवी," ती म्हणाली. चौदा दिवसांत पहिल्यांदा तिचा आवाज धड निघत होता. "जेवायला थांबू नका म्हणे. मला काय माहीत होतं हा वहीतसुद्धा मला निरोप ठेवतो! आणि हा उकार बघ कसा खाली गेलाय. थंडीने हात थरथरला असेल का रे त्याचा?" रवींद्र म्हणाला, "असेल." एक शब्द. खोटं बोलायला मोठी तयारी लागते असं उगाच म्हणतात. पुढच्या आठवड्यात पान चौकटीत बसून भिंतीवर गेलं, आणि दर गणपतीला, दर दिवाळीला रवींद्र त्याच्याकडे पाठ करून जेवायला बसू लागला.

आता त्याने गाडीचं दार लावलं आणि केयाला विचारलं, कुठे आहेस? ती क्लाइंबिंग जिममध्ये होती. पोरीला दोराचं वेड बापाकडून आलं होतं आणि शुभाने, काय जीव मुठीत धरला असेल तिने, कधी अडवलं नव्हतं. जिममध्ये रंगीत प्लास्टिकचे दगड भिंतीला ठोकलेले, खाली गाद्या, कोणाचा तरी वाढदिवस चाललेला. केया भिंतीशी टेकून बसली होती. हातांना पांढरी पावडर, कपाळावर पण. तिचं मनगट बारीक होतं आणि आतल्या बाजूने निळ्या शिरा दिसत होत्या. इथेच सुई चालणार, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने नजर काढून घेतली.

"स्पेलिंग चुकलंय?" तिने विचारलं.

"नाही. केया, ते बाबाचं अक्षर नाही. माझं आहे."

मग त्याने सगळं सांगितलं. बूट, पेन, इंग्लिशमध्ये लिही म्हणालेला देवांग, आणि आपण केलेला विनोद. सहा वर्षं मनात हजारदा म्हटलेली वाक्यं बाहेर निघताना इतकी थोडी निघाली की चार मिनिटांत संपलीसुद्धा. केया हातावरची पावडर दुसऱ्या हाताने पुसत होती. पुसून झालं तरी पुसत होती.

"सो इफ इट वॉज इन इंग्लिश," ती म्हणाली, "दे वुड हॅव नोन. सातला."

"हो."

"अँड ही वॉज अलाइव्ह."

"हो."

"ही वुड हॅव लिव्ह्ड?"

"माहीत नाही, बाळा. मला खरंच माहीत नाही. कदाचित."

वाढदिवसवाल्या पोरांनी टाळ्या वाजवल्या. केक कापला असावा. केयाने तिकडे एकदा पाहिलं.

"आईला माहितेय?"

"नाही. आज रात्री येऊन सांगणार आहे."

"नो." तिने एकदम त्याचं मनगट धरलं. बोटं चढाई करणाऱ्याची, कडक. "नो, काका. आईने बुक केलंय ते. शी इज पेइंग फॉर इट. दोन आठवडे ती रोज एकदा विचारते, कुठल्या साइजचं, कुठल्या हातावर. शी लाफ्ड, काका. तू तिला हसताना बघितलंस लास्ट सिक्स इयर्समध्ये? दॅट थिंग ऑन द वॉल, ती रोज सकाळी त्याच्याशी बोलते. यू आर नॉट टेकिंग दॅट."

"मग उद्या?"

"उद्या आय गेट इट. कॅन्सल केलं तर ती विचारेल का." तिने हात सोडला. तिचे डोळे भरले होते पण आवाज कोरडा होता, थेट देवांगचा. "तू मला का सांगितलंस?"

"खरं काय ते तुला..."

"माझ्यासाठी नाही. फॉर यू. आता हे तुझ्याकडे कमी आहे आणि माझ्याकडे आहे. राइट?"

तिचं बरोबर होतं. गाडीकडे जाताना खरोखरच त्याला थोडं हलकं वाटत होतं, आणि स्वतःची इतकी शिसारी त्याला त्या विमानातसुद्धा आली नव्हती. पाठीवरची सॅक जड झाली म्हणून मागून येणाऱ्या पोराच्या पाठीवर टाकणारा माणूस डोंगरात त्याने किंवा देवांगने कधी सोबत घेतला नसता.

शनिवारी तो जाणार नव्हता. पण शुभाचाच फोन आला. "तू येच. तुझ्याशिवाय वाचणार कोण? मला चष्म्यातून धड दिसत नाही आणि तिथे डोळे भरले की संपलंच." गोंदायचं दुकान धोब्याच्या दुकानाला लागून होतं, आत फिनाइलसारखा वास. शुभाने ठेवणीतला निळा कुडता घातला होता, लिपस्टिकही लावली होती, आणि चौकट चक्क टॉवेलात गुंडाळून सोबत आणली होती, न जाणो पडताळायला लागली तर. ती तिने मांडीवर उभी धरली. केया मागे कललेल्या खुर्चीत उताणा हात पसरून पडली होती. तिने रवींद्रकडे पाहिलं नाही.

गोंदणारी बाई तरुण होती, मान नक्षीने भरलेली, बोलणं अगदी मऊ. तिने कागद हातावर दाबला, सोलून काढला, आणि केयाच्या कोवळ्या कातडीवर रवींद्रचं अक्षर जांभळं उमटलं. "वाच ना मोठ्याने," शुभा म्हणाली. "एक चूक राहिली तर जन्माची." रवींद्र खाली वाकला. टपोरं, उजवीकडे कललेलं. त्याने वाचलं, "संध्याकाळपर्यंत येतो. जेवायला थांबू नका," आणि त्याचा आवाज मध्येच फाटला. शुभाने त्याच्या पाठीवर हात ठेवला. तिला वाटलं मित्राची आठवण झाली. केया छताकडे बघत होती आणि तिच्या कानशिलावरून पाण्याची एक रेघ केसांत जात होती. "दुखणार नाही गं फार," शुभा तिला म्हणाली.

"एकच विचारायचं होतं," गोंदणारी बाई इंग्रजीत म्हणाली. तिने हातमोज्याच्या बोटाने 'थांबू'खालची लांब रेघ दाखवली, मनगटाच्या घडीपर्यंत उतरलेली. "हे अक्षरात आहे, की पेन घसरलंय? घसरलं असेल तर मी तेवढं साफ करते. बाकीचं अगदी तसंच राहील."

शुभा चौकट पुढे करून बघू लागली. रवींद्र त्या रेघेकडे बघत होता. सहा वर्षं तो त्या पानाकडे पाठ करून बसला होता आणि त्यामुळे एवढी साधी गोष्ट त्याला दिसली नव्हती. अक्षर त्याचं होतं, सगळं त्याचंच. पण ती रेघ त्याने ओढली नव्हती. ती कोपराच्या धक्क्याची होती. अरे गाढवा, इंग्लिशमध्ये लिही.

"साफ करू नका," तो म्हणाला. मग केयाला, मराठीत, हळू: "त्या सकाळी 'थांबू'पाशी..." आणि थांबला, कारण शुभा ऐकत होती. "केया, ही रेघ बाबाची आहे. त्याचा हात लागून झालेली. एवढी नक्की त्याची."

"एवढीच काय रे," शुभा ओल्या डोळ्यांनी हसली. "सगळंच त्याचं आहे."

केयाने मान वळवून रवींद्रकडे पाहिलं, कालपासून पहिल्यांदा. मग दुसऱ्या हाताचं बोट तिने त्या रेघेच्या वरच्या टोकाला टेकवलं आणि सावकाश, शाई न पुसता, खाली मनगटापर्यंत नेलं.

"लीव्ह इट," ती बाईला म्हणाली. "स्टार्ट विथ दॅट."